कुत्र्याला पान लागण्याआधी, म्हणजे साप चावण्याआधी: नाशिकच्या मळ्यात किंवा बंगल्यात नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

आषाढातली संध्याकाळ होती, साडेसातची वेळ. मखमलाबादच्या पुढे द्राक्षबागेला लागून आमचं घर आहे. आमची राणी, दीड वर्षाची गावठी कुत्री, बांधावरच्या काड्यांच्या ढिगात नाक खुपसून काहीतरी उकरत होती. कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला आणि पाठोपाठ ती किंचाळली. वरच्या ओठाला दोन ठिपके दिसत होते. पंधरा मिनिटांत तिचं तोंड ओळखू येईना इतकं सुजलं.

पहिल्या दवाखान्यात डॉक्टर होते, सिरम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी फोन कुणी उचलला नाही. तिसऱ्या ठिकाणी सिरम मिळालं, तोवर दीड तास उलटून गेला होता. राणी वाचली. पण ते पाच दिवस आठवले की आजही पोटात कालवतं. तो दीड तास कसा वाचवता आला असता, ते नंतर डॉक्टरांना विचारून, सर्पमित्रांशी बोलून आणि स्वतःच्या अंगणात चुका करून शिकले. ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. नुकतंच पिल्लू आणलं असेल, किंवा शहरातल्या फ्लॅटमधून मळ्याकडे, धरणाच्या बाजूला, पाथर्डी-आडगावकडच्या नव्या वस्तीत राहायला गेला असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

१. सगळ्यात आधी सिरम कुठे आहे ते शोधा

हे काम आजच करा. बाकीच्या पायऱ्या चार दिवसांनी केल्या तरी चालतील.

सापाच्या विषावर उतारा एकच, तो म्हणजे प्रतिविष. बोलताना सगळे त्याला सिरम किंवा एएसव्ही म्हणतात. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा देऊन त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून ते बनवतात. आपल्याकडे मिळणारं सिरम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. माणसासाठी आणि कुत्र्यासाठी औषध तेच आहे. अडचण इतकीच की प्रत्येक पशुवैद्याकडे ते नसतं, आणि असलं तरी कालच्या पेशंटला वापरून संपलेलं असू शकतं.

आपल्या भागातल्या सात-आठ पशुवैद्यांना फोन करा आणि नेमके हे प्रश्न विचारा:

– सापाचं सिरम दवाखान्यातच ठेवता का? आत्ता किती कुप्या आहेत?
– रात्री नऊनंतर आणि रविवारी कोण असतं? त्यांचा मोबाइल कोणता?
– रात्रभर ॲडमिट करून घेता का? ऑक्सिजनची सोय आहे का?
– सिरम संपलं असेल तर कोणत्या मेडिकलमधून मागवता? ते मेडिकल रात्री उघडं असतं का?

‘सापाची केस घेता का?’ एवढंच विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. आमच्या पहिल्या दवाखान्याने आधीच्या महिन्यात मला हो म्हणूनच सांगितलं होतं. कुप्यांचं मी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट खास नाशिकची. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं की काठचे रस्ते बंद होतात, पुलांवर गाड्या अडकतात. म्हणून एक दवाखाना गोदावरीच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा, असे दोन तरी हाताशी असू द्या. पंचवटी-मखमलाबाद-म्हसरूळकडे राहत असाल तर गंगापूर रोडच्या एकाच दवाखान्यावर विसंबू नका. सिंहस्थाच्या पर्वण्यांना रस्ते वळवतात तेव्हाही हीच अडचण येणार आहे.

जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाची वेळ विचारून ठेवा. तालुक्याच्या गावी असाल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन समोरासमोर भेटा. १९६२ हा सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. तो जवळ ठेवा, पण साप चावल्यावर पथकाची वाट बघत घरी थांबू नका. माणसांच्या सरकारी रुग्णालयात सिरम असतं, ते माणसांसाठी असतं. तिथून मिळेल या भरवशावर गाडी तिकडे वळवू नका.

हे सगळे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराशी चिकटवा. आमच्याकडे तो फ्रिजवर आहे. मोबाइलमध्ये असतातच, पण त्या वेळी हात इतके थरथरतात की नाव शोधता येत नाही. शिवाय तुम्ही घरी नसलात तर सासूबाईंना किंवा वाटेकऱ्याला तो कागद वाचता आला पाहिजे.

२. एक पिशवी भरून ठेवा

– लसीकरणाचं पुस्तक. त्यात शेवटचं वजन, चालू औषधं आणि कशाची ॲलर्जी असेल तर तेही लिहिलेलं
– चांगली टॉर्च
– जाड चादर किंवा रिकामं पोतं, झोळी करून उचलायला
– पट्टा कापायला कात्री
– सुती कापड, पाण्याची बाटली
– थोडे रोख पैसे. सिरमची एक कुपी काही शे रुपयांची असते आणि बहुतेकदा एकीवर भागत नाही

माणसांच्या गोळ्या या पिशवीत ठेवूच नका. कारण पुढे येईल.

३. चार साप ओळखा

घोणस: जाडजूड, तपकिरी अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, डोकं त्रिकोणी. पळून जाण्यापेक्षा जागीच वेटोळं करून फुत्कारते. कुत्र्याला ते खेळाचं आमंत्रण वाटतं आणि तिथेच घात होतो. मे ते जुलैच्या सुमारास घोणस थेट पिल्लं घालते, अंडी घालत नाही. बोटाएवढ्या पिल्लालाही जन्मापासून विष असतं. थंडीत पण गाफील राहू नका, तो तिच्या मीलनाचा काळ असतो. कोवळ्या उन्हात बांधावर पडलेली घोणस डिसेंबरातही दिसते.

नाग सगळ्यांना माहीत आहे. फणा काढलेला नसला तर मात्र धामण समजून चूक होते.

मण्यार काळीभोर, अंगावर पांढरे बारीक, बहुधा जोडीने असलेले पट्टे. ही रात्रीची. हिच्या दंशाला सूज जवळजवळ नसते, दुखणंही कमी. ओट्यावर झोपलेला कुत्रा पहाटे लटपटत उठला, पापण्या मिटायला लागल्या, तर आधी मण्यार मनात आली पाहिजे. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी असतो आणि घरात पुष्कळदा सापडतो.

फुरसं लहान, हातभर सुद्धा नाही. सिन्नरकडच्या खडकाळ माळासारख्या कोरड्या जागा त्याला आवडतात. दगड उलटवले की सापडतं. अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं.

त्र्यंबक-इगतपुरीच्या घाटरानात हिरवा चापडा भेटू शकतो. नेहमीचं सिरम ज्या चार विषांपासून बनतं त्यांत तो नाही, त्यामुळे त्याच्या दंशावर डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.

ओळख उपयोगाची आहे, पण चावल्यानंतर साप कोणता हे शोधण्यात एक मिनिटही घालवू नका. सिरम चारहींवर चालतं आणि डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.

४. अंगणात सापाला कारण ठेवू नका

साप कुत्र्यासाठी येत नाही. तो उंदीर, बेडूक आणि सावलीसाठी येतो. या तीन गोष्टी कमी केल्या की निम्मं काम होतं.

आमच्या भागातला पहिला गुन्हेगार म्हणजे छाटणीच्या काड्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की काड्यांचे ढीग बांधावर लागतात आणि पावसापर्यंत तसेच पडून राहतात. आतून पोकळ, गार, उंदरांनी भरलेले. काड्यांचा भुगा करून बागेतच टाका, नाहीतर ढीग घरापासून लांब हलवा. शेत तुमचं नसेल तर शेजाऱ्याला हात जोडून सांगा. आमच्या शेजारच्या काकांनी एका शब्दावर ढीग उचलला. मला आधी विचारायला सुचलं नाही याचंच वाईट वाटतं.

दुसरी कांद्याची चाळ. हवा खेळावी म्हणून ती जमिनीपासून वर उचललेली असते, आणि तिच्याखालची ती अंधारी जागा उन्हाळ्यात सापाला फार आवडते. कुत्र्यालाही तिथेच गारवा लागतो. चाळीच्या खालच्या बाजूला चारी अंगांनी बारीक जाळी मारा. वारा अडत नाही, कुत्रा आत जात नाही. (कांदा कुत्र्याच्या पोटात जाणंही वाईट. द्राक्षं आणि बेदाणे तर मूत्रपिंडावर जातात. नाशिकमध्ये हे सांगावंच लागतं.)

मग सरपण, गोवऱ्या, पत्रे, फरशीचे उरलेले तुकडे, ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी. हे सगळं जमिनीला टेकलेलं नको. विटांवर किंवा लोखंडी घोडीवर फूटभर वर ठेवा. मोरीच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपांना जाळी बसवा. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा. कुत्र्याच्या पिंजऱ्याला किंवा अंगणाच्या एका कोपऱ्याला खालून दोन-अडीच फूट पाव इंची जाळी लावून घ्या आणि तिचा खालचा काठ जमिनीत गाडा. अर्ध्या इंचाच्या भोकातून सापाचं पिल्लू सहज येतं.

रात्रभर बाहेरचा दिवा जळत ठेवण्याची सवय मी सोडली. दिव्याला किडे येतात, किड्यांना बेडूक, बेडकांमागे साप. आता बटण दाराच्या आत आहे, बाहेर पडायच्या आधी लावते. कुत्र्याचं उरलेलं खाणं रात्री उचलून ठेवा, उंदरांना दुसरी मेजवानी लागत नाही.

या पायरीवरचे सापळे:

उंदराचं औषध टाकू नका. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने मेलेला किंवा अर्धमेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर त्यालाही बाधू शकतं. वर त्याने रक्त गोठेनासं होतं, म्हणजे लक्षणं घोणसच्या दंशासारखीच दिसतात आणि डॉक्टरांचाही गोंधळ होऊ शकतो. तारेचा पिंजरा लावा.

फिनाईल, रॉकेल, डांबराच्या गोळ्या, लसणाचं पाणी, ‘साप पळवणारी’ पावडर यांच्या भरवशावर राहू नका. साप यावरून सरपटत गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. डांबराच्या गोळ्या कुत्र्याने चघळल्या तर विषबाधा होते ती वेगळीच.

इंटरनेटवर कुत्र्यांसाठी सापाची लस वाचायला मिळते. ती अमेरिकेतल्या रॅटलस्नेकच्या विषावर बेतलेली. आपल्या नाग-घोणसशी तिचा संबंध नाही.

५. फिरायला नेताना

कुत्र्याला बहुतेक दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतात, कारण तो आधी नाक पुढे करतो. म्हणून पट्टा आखूड, पाच-सहा फुटांचा. ओढली की लांब होणारी दोरी शहरातल्या बागेत ठीक, बांधावर नको. गंगापूर धरणाच्या काठची गवतं, सोमेश्वरच्या बाजूची झुडपं, पांडवलेणी किंवा चामर लेणीच्या पायथ्याचे दगड, इथे त्याला मोकळं सोडण्याचा मोह होतो. जून ते नोव्हेंबर तो टाळा. रस्त्याच्या मधून चाला, कडेच्या गवतातून नाही. अंधार पडल्यावर टॉर्च पायापुढे धरा, गमबूट घाला.

६. ‘सोड’ शिकवा

‘बस’ आणि ‘हात दे’ शिकवण्याआधी ‘सोड’ आणि ‘ये’ हे दोन शब्द पक्के करा. सुरुवात घरात: मुठीत बिस्किट धरायचं, तो हुंगेल, चाटेल, ‘सोड’ म्हणायचं, तोंड मागे घेतलं की दुसऱ्या हातातून उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. मुठीतलं कधीच द्यायचं नाही. मग जमिनीवरची वस्तू, मग अंगणात, मग हलणारी दोरी.

मळ्यातल्या कुत्र्यांना एक खोड हमखास असते. ठिबकची काळी नळी तोंडात धरून ओढायची. आम्हाला ते बघायला गोड वाटायचं, आम्ही व्हिडिओ काढायचो. जो कुत्रा नळी ओढतो तो गवतात हलणारं काहीही ओढतो. आता राणीचा सराव त्याच नळीवर होतो: मी नळी गवतातून ओढते, ‘सोड, ये’ म्हणते, ती मागे फिरली की खाऊ. रोज पाच मिनिटं, दीड महिना लागला. सरावासाठी गारुड्याला बोलावून खरा साप आणू नका. तो गुन्हा आहे आणि कुत्र्याच्या व सापाच्या दोघांच्याही जिवाशी खेळ आहे.

७. जनावर दिसलं तर

ओरडू नका. कुत्र्याला हाक मारून आत घ्या, दार लावा. सापावर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. साप मारू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि काठी घेऊन धावलं की कुत्रा तुमच्या पुढे धावतो. मेलेल्या सापाजवळही कुत्र्याला जाऊ देऊ नका, तुटलेलं मुंडकंही काही वेळ चावू शकतं.

८. चावलंच तर

दंश दिसेलच असं नाही. केसांत खुणा लपतात. एकाएकी किंचाळणं, तोंड किंवा पाय भराभर सुजणं, दंशातून रक्त झिरपत राहणं, उलटी, तोंडातून लाळेच्या तारा, मागचे पाय लटपटणं, पापण्या उतरणं, भुंकण्याचा आवाज बदलणं, लघवी लाल होणं, यातलं काहीही दिसलं की साप चावला असं धरूनच चाला.

क्रमाने करा:

पट्टा आणि हार्नेस काढा, निघत नसेल तर कापा. तोंडाची सूज मानेपर्यंत उतरते आणि पट्टा गळफास होतो. राणीचा पट्टा मी गाडीत बसल्यावर कापला, तोवर तो कातडीत रुतला होता.

त्याला चालवू नका. चादरीच्या झोळीत घालून उचला. वेदनेत स्वतःचा कुत्राही चावतो, म्हणून तोंडाजवळ तोंड नेऊ नका. पण सुजलेल्या किंवा उलटी करणाऱ्या तोंडाला मुसकं बांधू नका, श्वास कोंडतो.

एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने कागदावरच्या दवाखान्याला फोन करून तीनच गोष्टी सांगायच्या: साप चावला आहे, वजन इतकं आहे, इतक्या मिनिटांत पोहोचतो. ‘सिरम आहे ना?’ याचं उत्तर ऐकूनच गाडी वळवा.

वाटेत त्याला कुशीवर ठेवा, मान सरळ, जीभ बाहेर काढलेली. चावल्याची वेळ लिहा. साप समोर असेल तर लांबूनच फोटो काढा, शोधायला जाऊ नका.

करू नये ते: दोरीने आवळणं, ब्लेडने कापणं, तोंडाने शोषणं, बर्फ लावणं, चुना-हळद भरणं, तूप पाजणं, कडुलिंबाचा पाला चारणं. आवळलेला पाय कुजतो. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ॲस्पिरिन देऊ नका. कुत्र्याला या गोळ्या मुळातच घातक ठरू शकतात, आणि काहींनी रक्तस्राव वाढतो. एव्हिल-डेक्साचं (ॲलर्जी आणि सुजेवरचं) इंजेक्शन देऊन ‘सकाळपर्यंत बघू’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ते विषावरचं औषध नाही.

जुनी माणसं रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात आणि आधी देवळात न्यायला सांगतात. त्यांचा जीव तुटतो म्हणून ती सांगतात. त्यांना नारळ घेऊन देवळात जाऊ द्या, तुम्ही कुत्र्याला घेऊन दवाखान्यात जा.

९. दवाखान्यात काय होतं

आमच्या डॉक्टरांनी राणीचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतलं आणि २० मिनिटं न हलवता ठेवलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गुठळी नव्हती. घोणस किंवा फुरशाच्या विषाची ही खूण. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकच्या नळीवर ही चाचणी भरवशाची नाही.

सिरम सलाईनमधून शिरेत देतात. सूज आलेल्या जागी टोचून उपयोग नाही. कुत्रा लहान म्हणून सिरम कमी, असं नसतं. साप विष सोडताना वजन बघत नाही. एका १० मिलीच्या कुपीने घोणसचं साधारण ६ मिलिग्रॅम विष निकामी होतं, आणि घोणस एका दंशात त्याच्या कितीतरी पट विष सोडू शकते. त्यामुळे डॉक्टर दुसरी, तिसरी कुपी मागतील तेव्हा घासाघीस करू नका. पैशांची अडचण असेल तर पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगा, त्यात लाज नाही. बहुतेक डॉक्टर हप्त्याने घेतात किंवा मार्ग काढतात.

घोड्याच्या प्रथिनांची ॲलर्जी उठू शकते, म्हणून ॲड्रेनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन, हाताशी ठेवूनच सिरम सुरू करतात. पहिला तासभर कुणीतरी जवळ बसायला हवं. अंगावर गांधी, थरथर, उलटी, धाप दिसली की लगेच डॉक्टरांना हाक मारा. नाग किंवा मण्यार असेल तर श्वासाचे स्नायू थकतात, तिथे ऑक्सिजन आणि हाताने श्वास देण्याची तयारी लागते. पहिल्या पायरीत तो प्रश्न यासाठीच विचारायला सांगितला.

१०. घरी आणल्यावर

उठून शेपूट हलवली म्हणजे सुटलो असं नाही. घोणसच्या विषाने मूत्रपिंडं दगावू शकतात. लघवी किती होते, रंग कोणता, हे रोज लिहा. डॉक्टर सांगतील त्या दिवशी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का याची, रक्ततपासणी करा, कुत्रा छान दिसतो म्हणून चुकवू नका. हिरड्या रोज बघा: गुलाबी हव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. दंशाभोवतीची कातडी काळी पडून गळू शकते. राणीच्या ओठाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा गेला, भरून यायला महिना लागला. जखमेवर माशी बसू देऊ नका, पावसाळ्यात दोन दिवसांत किडे पडतात.

सिरमनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, अंगावर पित्त, सांधे आखडणं असं काही झालं तर ती सिरमचीच उशिरा आलेली प्रतिक्रिया असू शकते, डॉक्टरांना दाखवा. आणि लसीच्या पुस्तकात लिहून घ्या: कोणत्या तारखेला, किती कुप्या, कोणत्या कंपनीचं सिरम, काही ॲलर्जी उठली का. एकदा चावल्याने कुत्र्याला सापापासून संरक्षण मिळत नाही. पुन्हा कधी सिरम द्यावं लागलं तर तो डॉक्टर वेगळा असेल आणि त्याला हे पान आधी दाखवावं लागेल.